वॉल स्ट्रीटच्या वळूची झूल

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ सुमारे ३२०० किलो वजनाचा ब्राँझचा वळू उभा आहे. शेअरबाजारातील तेजीचे ते प्रतीक. डिसेंबर २०१० मध्ये ओलेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या पोलंडच्या कलावतीने या वळूला क्रोशाने विणलेली गुलाबी-जांभळी झूल चढविली. तिने परवानगी घेतली नव्हती. काही तासांतच झूल उतरविण्यात आली. कायद्याची बूज राखली गेली असे ज्यांना वाटले, त्यांना एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. तो वळूही विनापरवानाच आला होता! शिल्पकार आर्तुरो दी मोदिका यांनी डिसेंबर १९८९ मध्ये रातोरात तो शेअरबाजारासमोर आणून ठेवला. तो तेथून हलविला गेला खरा; पण काही दिवसांतच जवळच्या बोलिंग ग्रीन येथे त्याची सन्मानाने स्थापना झाली. कृत्य एकाच जातीचे. पण धनाच्या प्रतीकाला हक्काची जागा मिळाली आणि लोकरीच्या वाट्याला अवघे काही तास आले.

सार्वजनिक जागेतील झाडे, खांब, बाके, पुतळे यांना विणलेल्या लोकरीचे वेष्टन घालण्याच्या या प्रकाराला यार्न बॉम्बिंग म्हणतात. २००५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मॅग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला असे आवरण घातले आणि तेथून ही लाट पसरली, असा त्याचा रूढ इतिहास सांगितला जातो. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात ब्रिटनमधील ग्रीनहॅम कॉमन येथे आण्विक क्षेपणास्त्रांविरुद्ध ठाण मांडलेल्या स्त्रियांनी लष्करी तळाच्या कुंपणात लोकरीची जाळी विणली होती. इतिहास दुकानाच्या दारापासून सुरू करावयाचा आणि तळाचे कुंपण वगळावयाचे, यातच बाजारी मनोवृत्ती उघड होते.

या कलेवरील लोकप्रतिक्रियाही ठरावीक आहेत. कोणी म्हणतो, ‘किती गोड!’ कोणी म्हणतो, ‘रिकामटेकड्यांचे उद्योग! हीच लोकर थंडीने कुडकुडणाऱ्यांना का दिली नाही?’ वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या प्रतिक्रियांमागे गृहीतक एकच आहे: बाईचे विणकाम म्हणजे फावल्या वेळची करमणूक, तिला ना मोल, ना मत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज १६.४ अब्ज तास घरकाम व संगोपन यांच्या बिनमोल श्रमांत खर्ची पडतात आणि त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक भार स्त्रिया उचलतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या सेवांना स्थान नाही. घराच्या चार भिंतींत जे श्रम मोजलेच जात नाहीत, ते रस्त्यावर आल्याबरोबर मात्र त्यांच्या अपव्ययाची चिंता वाहिली जाते, हा न्याय अजब आहे.

अपव्ययाचाच हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. इराक युद्धाच्या निषेधार्थ २००६ मध्ये डेन्मार्कच्या मारियान योर्गेन्सन यांनी कोपनहेगन येथे एका रणगाड्याला गुलाबी लोकरीने मढविले. त्यासाठी अनेक देशांतील विणणाऱ्यांनी चार हजारांहून अधिक चौकोन विणून पाठविले होते. त्या लोकरीचा भाव विचारणाऱ्यांनी रणगाड्याची किंमत कधी विचारली होती काय? ९ ऑगस्ट २०१४ रोजी, नागासाकीच्या स्मृतिदिनी, ब्रिटनमधील ऑल्डरमास्टन आणि बर्गफील्ड या अण्वस्त्रनिर्मितीच्या दोन केंद्रांदरम्यान सात मैल लांबीची गुलाबी पट्टी धरण्यात आली. तिचे तुकडे पुढे गरजूंसाठी पांघरुणे म्हणून वापरावेत, ही योजना विणणाऱ्यांनीच आखली होती. अण्वस्त्राचे पांघरूण होत नाही.

याचा अर्थ खांबाला गुंडाळलेली प्रत्येक लोकर क्रांतिकारक असते, असा मुळीच नाही. मोटारींच्या जाहिरातींपर्यंत हे विणकाम पोहोचले आहे. भिंतीवर रंग फवारणाऱ्या तरुणामागे पोलीस लागतात आणि लोकर गुंडाळणाऱ्या बाईकडे कौतुकाने पाहिले जाते. हे कौतुक म्हणजे ती निरुपद्रवी असल्याचा दाखला होय. शिवाय यासाठी पुष्कळदा वापरली जाणारी ॲक्रिलिकची लोकर ही वस्तुतः प्लास्टिकच. पावसाने भिजून कुजकट झालेली ती वेष्टने अखेर कापून काढतो तो सफाई कामगार. जी कला आपला कचरा दुसऱ्या श्रमिकाच्या माथी मारते, तिने श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा करू नये. तेव्हा कसोटी साधी आहे: लोकर कशावर चढली, कोणाला खुपली आणि उतरविण्याचे कष्ट कोणी घेतले?

महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्याला ही कसोटी परकी वाटण्याचे कारण नाही. १९७२ पासूनच्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील त्या साधनाने सत्तेला जाब विचारला. लाटणे आणि क्रोशाची सुई यांचे गोत्र एकच.

मात्र हा वारसा सांगताना एक प्रश्न स्वतःच्या संघटनेलाही विचारावा लागेल. ज्या शिबिरात स्वयंपाकाची जबाबदारी स्त्रियांकडे आणि ठरावांचा मसुदा पुरुषांकडे असतो, त्या शिबिराने वॉल स्ट्रीटला हसण्याचा अधिकार गमावलेला असतो. पुढच्या शिबिराचे कामवाटप करताना कार्यकर्त्यांनी एवढे जरी ध्यानी ठेवले, तरी पुष्कळ झाले.