लाल दिवा लुकलुकतो, पण भोंगा वाजेल का? जुन्या अलार्मचे सेन्सर एकदा तपासाच

कळंब : पतसंस्था, सराफा दुकान, कृषी केंद्र, चोरट्यांच्या भीतीने दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेला अलार्म अनेक ठिकाणी अजून भिंतीवर आहे. कोपऱ्यात पांढरी डबी, तिच्यात लाल दिवा. दिवा लागतो म्हणजे यंत्रणा चालू, असे मालक धरून चालतो. खरी अडचण इथेच आहे.

डबी कोणती, ते आधी ओळखा
समोर दुधी रंगाची, बारीक रेघांची प्लास्टिकची खिडकी असेल तर तो पीआयआर सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही, माणसाच्या अंगाची उष्णता टिपतो. खिडकीऐवजी जाळीचे दोन गोल डोळे असतील तर तो बहुधा ध्वनिलहरींवर चालणारा जुना प्रकार. पंखा, हलता पडदा, वाऱ्याची झुळूक यानेही तो वाजतो. असा असेल तर बदललेलाच बरा. खिडकीही नाही, जाळीही नाही, तर तो मायक्रोवेव्हचा असू शकतो. काही डब्यांत पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असतात. खोट्या गजराचा त्रास त्यात कमी. डबीच्या मागच्या स्टिकरवर किंवा आतल्या सर्किटवर अनेकदा बनावटीची तारीख असते. ती वाचली की वय कळते.

आपल्या उन्हाळ्यात गडबड कुठे होते?
पीआयआरला माणूस दिसतो तो भिंत आणि अंग यांच्या तापमानातल्या फरकामुळे. अंगाची त्वचा साधारण ३३-३४ अंशांची. आपल्याकडे पारा ४३-४४ वर गेला की टिनाच्या छताचे बंद दुकान रात्रीही तापलेलेच राहते. भिंत अन् माणूस जवळपास सारखेच गरम, मग जुन्या सेन्सरचा पल्ला घटतो. नव्या सेन्सरमध्ये तापमानानुसार जुळवून घेण्याची सोय असते, जुन्या स्वस्त डब्यांत ती नसू शकते. म्हणजे हिवाळ्यात पास झालेला सेन्सर मे महिन्यात नापास होऊ शकतो. चाचणी घ्यायची तर भर उन्हाळ्यातच घ्या.

दुसरे कारण पाल आणि किडे. ते खिडकीवरून फिरले की भोंगा वाजतो. दोन-चार रात्री झोपमोड झाली की "उगाच बोंबलते" म्हणून वायरच काढली जाते. त्यापेक्षा डबीची छिद्रे बुजवा, खिडकी पुसा.

सेन्सर चांगला, पण फोन मुका
लाल दिवा एवढेच सांगतो की सेन्सरने हालचाल पाहिली. पुढे भोंगा आणि फोन यांचे काय? जुने डायलर टू-जी सिमवर चालतात. जिओचे जाळे फोर-जीपासून सुरू होते, त्यामुळे ते सिम त्यात चालत नाही. दुसरे सिम असेल तरी रिचार्ज संपल्यावर फोन लागणार नाही. बॅटरीचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षे. ती गेली असेल तर लाईन गेली की सगळेच बंद. कळंब नागपूर-तुळजापूर महामार्गावर आहे. गाडी असलेला चोरटा अर्ध्या तासात जिल्ह्याबाहेर जातो, म्हणून पहिली काही मिनिटेच महत्त्वाची.

तपासणी सोपी आहे. अलार्म चालू करा, मेन प्लग काढा, सेन्सरसमोरून आडवे चाला. पीआयआर आडवी हालचाल सर्वात चांगली पकडतो. भोंगा वाजला का, फोन आला का, बघा. वाजला नाही तर मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न सभासदांचाही
जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरटे शेजारच्या गाळ्यातून भुयार खोदून बँकेच्या लॉकरपर्यंत गेले होते. दारावर नजर ठेवणारा सेन्सर अशा वेळी काय करणार? सेन्सर तिजोरीच्या खोलीतही हवा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लॉकरमधली चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट ठरली आहे. हा नियम बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. तिथे सोने ठेवणाऱ्या शेतकऱ्याने सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत एवढेच विचारावे : अलार्मची शेवटची चाचणी कधी झाली, आणि विमा किती रकमेचा आहे? उत्तर लेखी मागा.