गाणी वाटून घेऊ नका, एकत्र ऐका

यंदाच्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली तेव्हा पालक-शिक्षक सभेत सर्वांत जास्त वेळ कशावर गेला असेल, तर तो गाण्यांच्या यादीवर. ज्येष्ठ मंडळींचा आग्रह होता की आपली शाळा मराठी समाजाची आहे, तेव्हा रंगमंचावर नाट्यगीते, भावगीते आणि समूहगीतेच असावीत. मुलांनी दिलेल्या यादीत नवी चित्रपटगीते होती, रॅपही होता. एका पालकांनी सांगितले की मुलांना आवडेल ते करू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी ती भागच घेणार नाहीत. शेवटी तडजोड झाली. पहिला तास 'आपल्या' गाण्यांचा, दुसरा तास 'मुलांच्या' गाण्यांचा.

कार्यक्रम छान झाला. पण मी मागच्या रांगेत बसलो होतो, म्हणून मला एक गोष्ट दिसली. पहिल्या तासात मोठी मुले सभागृहाबाहेर व्हरांड्यात उभी होती. दुसरा तास सुरू झाला तशी आजी-आजोबा मंडळी चहाला उठली आणि बरीचशी तशीच घरी गेली. तक्रार कोणाचीच नव्हती. मला मात्र तेच खटकले. भांडण मिटले, पण एकमेकांचे गाणे कोणीच ऐकले नाही.

मी याच शाळेचा माजी विद्यार्थी आणि आता पालक. त्यामुळे या वादात दोन्ही बाजूंनी उभे राहून झाले आहे. १९८८ मध्ये मी आठवीत होतो. 'कयामत से कयामत तक'ची कॅसेट मी इतक्या वेळा वाजवली की तिची फीत अडकू लागली आणि पेन्सिल घालून ती गुंडाळावी लागे. बाबा म्हणत, "हे काय गाणे आहे?" बाबांचे लहानपण गेले रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकण्यात, आणि आजोबा त्यांना हेच विचारत असत. आजोबांचे दैवत बालगंधर्व. पण नाट्यपदे तरी सर्वांना मान्य होती का? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटक बहरले, तरी ख्यालाच्या बैठकीत मुरलेल्या कानांना ती पदे हलकीच वाटत. आज आपण ज्याला 'परंपरा' म्हणतो, ते एके काळी कोणाचे तरी 'नवे खूळ' होते.

या बाबतीत बंदीचा अनुभवही आपल्या देशाने घेतला आहे. आपल्या संगीताच्या वर्गात जी पेटी वाजते, तिला आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे दूर ठेवले होते. तिचे सूर ठरीव, त्यातून मींड निघत नाही, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. तरीही पेटी घराघरात राहिली. पुढे १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा चाहता. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांवर कडक निर्बंध आले. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तेथे अमीन सयानी यांची 'गीतमाला' सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करून ही गाणी परत आणावी लागली.

पण केसकरांच्या काळाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. १९५२ मध्येच शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मोठमोठ्या कलावंतांचे गाणे लहान गावांतल्या घरांत पोहोचले. म्हणजे त्यांनी जे बंद केले ते थांबले नाही, आणि जे ऐकवले ते टिकले. माझ्या मते स्नेहसंमेलनाची यादी करणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

आवड वयाप्रमाणे का बदलते, याचा थोडा विचार करू. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सर्वांत खोल रुजतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्या वयात मैत्री, परीक्षा, पहिले यश, पहिली फजिती सगळे नवे असते, आणि गाणे त्या आठवणींना चिकटून राहते. म्हणून प्रत्येकाला आपल्याच काळातले संगीत 'खरे' वाटते. दुसरे कारण अगदी शरीराचे आहे. वय वाढते तसे वरच्या पट्टीतले सूक्ष्म आवाज ऐकू येणे कमी होते आणि वाद्यांच्या गलबल्यातून शब्द वेगळे काढणे जड जाते. आजोबा "शब्दच कळत नाहीत" म्हणतात, तेव्हा ते दर वेळी टीकाच करत असतात असे नाही. विद्यार्थी मित्रांनो, एवढे ध्यानात घेऊन आवाज थोडा कमी केलात, तर आजोबा कदाचित दुसऱ्या तासालाही बसतील.

याच विषयावरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या काळातली गाणी तरुणांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही त्यांना विशेष जवळची वाटली, आणि त्याआधीच्या १९६०च्या दशकातलीसुद्धा. ती त्यांच्या कानावर घरातच पडली असावीत, असे संशोधकांचे अनुमान आहे.

मला ते पटते, कारण माझ्या बाबतीत तसेच घडले. देवास आपल्या इंदूरपासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. बाबा मला एकदा कुमार गंधर्वांच्या गाण्याला घेऊन गेले. मी तेरा वर्षांचा होतो आणि अर्ध्या तासात चक्क झोपलो. पुढे पंचवीस वर्षे मी ते गाणे मुद्दाम ऐकले नाही. चाळिशीत एका रात्री प्रवासात गाडीत त्यांचे निर्गुणी भजन लागले आणि लक्षात आले, की मला ते येते. शब्द नव्हे, पण सूर कुठे जाणार हे आधीच कळते. झोपेतही कानात काहीतरी पडले होते.

कुमारजींचेच उदाहरण पुढे न्यायचे, तर १९४८ मध्ये आजारपणामुळे ते देवासला आले आणि अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. त्यांच्या नव्या वाटेवर जुन्या जाणकारांनी कमी टीका केली नाही. पण त्याच कुमारजींनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. आधीच्या पिढीचे गाणे त्यांनी नक्कल न करता, आपल्याला जसे उमजले तसे, आदराने मांडले. दोन पिढ्यांनी एकमेकांना ऐकणे म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आज अडचण आवडीची नाही, ऐकण्याची आहे. आमच्या घरी एकच रेडिओ होता. नको असलेली गाणीही ऐकावी लागत, आणि ती नकळत पाठ होत. आता माझ्या मुलीच्या कानात तिचे इअरफोन असतात, माझ्या कानात माझे. ती नववीत आहे. ती काय ऐकते हे मला ठाऊक नव्हते, आणि मी काय ऐकतो हे तिला. दोघेही एकाच सोफ्यावर!

इंदूरसारख्या गावात याची किंमत जास्त आहे. आपली मुले आपापसात हिंदी बोलतात. मराठी वाचतात, पण अडखळत. 'बाळ'चे 'बाल' होते, 'चमचा'तला 'च' हिंदीसारखा येतो. पण तीच मुले मराठी गाणे म्हणतात तेव्हा 'ळ' अगदी नीट येतो, कारण तो कानाने शिकलेला असतो. ही वाट दोन्हीकडून खुली राहिली पाहिजे. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा अजय-अतुल यांच्या 'झिंगाट'वरून आपल्याकडेही नाके मुरडली गेली. पण सोलापूरकडची मराठी आपल्या कितीतरी मुलांनी प्रथम त्याच चित्रपटामुळे ऐकली. आणि गंमत म्हणजे आज नववीत असलेली मुले तेव्हा चार-पाच वर्षांची होती. त्यांच्या लेखी 'झिंगाट' हे आता लहानपणीचे जुने गाणे आहे!

याचा अर्थ शाळेने काहीही चालवून घ्यावे असा नाही. काही गाण्यांत मुलींविषयी जे शब्द असतात, ते शाळेच्या रंगमंचावर नकोतच. तेथे ज्येष्ठांचा आक्षेप बरोबर आहे. फक्त निवड शब्द पाहून व्हावी, साल पाहून नव्हे. तीच चाळणी जुन्या गाण्यांनाही लावावी.

माझी सूचना साधी आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक तास 'ऐकण्याचा' ठेवावा. एक गाणे आजी-आजोबांनी आणावे, एक पालकांनी, एक विद्यार्थ्याने. गाणे संपेपर्यंत कोणी शेरा मारायचा नाही. मग आणणाऱ्याने सांगायचे, हे गाणे मी प्रथम कुठे ऐकले आणि मला का आवडते. मुलांनी त्यावर मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि त्यातल्या निवडक या पत्रिकेत छापाव्यात. आणि पुढच्या स्नेहसंमेलनात दोन वेगळे तास नकोत. नातीच्या नव्या गाण्याला आजोबांनी पेटीची साथ करावी, मुलांनी भावगीत आपल्या गिटारवर बसवावे. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना जुन्या उंच पट्टीत ओढू नये. पट्टी उतरवली की तीही गातील.

विश्वस्त मंडळाने पुढच्या सत्रापासून हा एक तास द्यावा, अशी विनंती आहे. शाळेवर खर्च पडणार नाही. स्पीकर मी घरून आणतो. पहिले गाणे मात्र माझ्या मुलीने निवडायचे, असे आमचे घरी ठरले आहे. ते मला आवडेलच असे नाही, पण शेवटपर्यंत बसून ऐकेन.