गावाशेजारचा तलाव कायद्याच्या नजरेत 'पाणथळ' आहे का? नांदूर मध्यमेश्वरवरून समजून घ्या

थंडी सुरू झाली की तुमच्या इन्स्टाग्रामवर दोन जागा हमखास दिसायला लागतात. एक भिगवण, तिथल्या रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांमुळे. दुसरी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, तिथल्या हजारो बदकांमुळे. शनिवार-रविवारी पुणे, मुंबई, नाशिकहून गाड्या निघतात, दुर्बिणी आणि कॅमेरे बाहेर पडतात, सोमवारी रील्स येतात.

या दोन्ही जागा जंगलात नाहीत. त्या ऊस, कांदा आणि द्राक्षांच्या शेतांना लागून, गावांच्या शिवारात आहेत. आणि दोन्ही माणसाने बांधलेल्या धरण-बंधाऱ्यांमुळे तयार झाल्या आहेत. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कारण देशातल्या पाणथळ जागांचा कायदा नेमका इथेच अडतो.

नांदूर मध्यमेश्वर तयार कसं झालं?

नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. तिथे ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला गेला. इथून निघणाऱ्या कालव्यांचं पाणी आजही नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतीला जातं. पावसाळ्यात 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' ही बातमी तुम्ही वाचत असाल, तो हाच बंधारा.

नद्या येताना गाळ घेऊन आल्या आणि तो बंधाऱ्याच्या मागे साचत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये गाळाची बेटं तयार झाली, त्यावर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या. इंजिनिअरच्या हिशेबात ही साठवणक्षमतेतली घट होती. पक्ष्यांसाठी मात्र हे ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. थापट्या, तलवार बदक यांसारखी बदकं खोल बुडी मारत नाहीत. ती उथळ पाण्यात डोकं खाली घालून किंवा पृष्ठभागावरून चोच फिरवून खातात. चमचा, शेकाट्या, तुतवार यांना तर चिखल आणि घोटाभर पाणीच लागतं.

१९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जानेवारी २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातलं पहिलं 'रामसर स्थळ' म्हणून मान्यता मिळाल्याचं जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं शहर. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन पाळतात. इथलं रामसर क्षेत्र सुमारे १,४३७ हेक्टर आहे आणि त्यात ५३६ प्रजातींची नोंद आहे. त्यानंतर राज्यात लोणार सरोवर आणि ठाणे खाडीला हा दर्जा मिळाला, तर २०२२ मध्ये गोव्यातलं कुडचड्याजवळचं नंदा तळं यादीत आलं.

मग कायद्याची अडचण कुठे आहे?

पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये नियम केले होते. त्यात तलाव आणि जलाशयांचाही समावेश होता. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांखाली अधिसूचित झालेल्या जागेत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, शिकार यांना बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याशिवाय पक्कं बांधकामही करता येत नाही.

पण २०१७ च्या नियमांनी 'पाणथळ' या शब्दाची व्याख्याच अरुंद केली. नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय हे सगळे व्याख्येतून वगळले गेले.

आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यासमोर आणा. लोणार किंवा खाड्यांसारखे अपवाद सोडले, तर पठारावर आपल्याकडे नैसर्गिक सरोवरं फारशी नाहीत. गावाजवळ जे पाणी दिसतं ते पाझर तलाव, लघु पाटबंधारे तलाव, मालगुजारी तलाव किंवा मोठ्या धरणाचा फुगवटा. म्हणजे जिथे पक्षी उतरतात त्यातला मोठा भाग माणसाने सिंचनासाठीच बांधलेला आहे.

नांदूर मध्यमेश्वरही सिंचनासाठीच बांधलं गेलं. ते वाचलं, कारण त्याच्याकडे आधीपासून अभयारण्याचा दर्जा होता आणि नंतर रामसरचा शिक्का मिळाला. भिगवण हा उजनी धरणाचा फुगवटा. पक्ष्यांच्या बाबतीत ते कुठेही कमी नाही, पण नांदूर मध्यमेश्वरसारखं अभयारण्याचं किंवा रामसरचं कवच त्याला नाही. तुमच्या गावाबाहेरच्या तळ्याकडे बहुधा यातलं काहीच नसेल.

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलं?

उपग्रह छायाचित्रांच्या आधारे इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला होता. त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने या सगळ्या जागांना २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितलं. पुढे नवा नकाशासंग्रह आला आणि हा आकडा २,३१,१९५ वर गेला.

११ डिसेंबर २०२४ रोजी कोर्टाने राज्यांना सांगितलं की या जागांची प्रत्यक्ष पाहणी करा आणि हद्द आखा, शक्यतो तीन महिन्यांत. देशातल्या तेव्हाच्या ८५ रामसर स्थळांवर उच्च न्यायालयांनी लक्ष ठेवावं, असंही सांगितलं.

हद्द आखणं ऐकायला कोरडं काम वाटतं, पण सगळा खेळ तिथेच आहे. तलावाचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि काठाची जमीन उघडी पडते. हद्द उन्हाळ्यात मोजायची की सप्टेंबरमध्ये? उन्हाळ्यात मोजली तर काठाचा दलदलीचा पट्टा 'मोकळी जमीन' ठरतो. तिथे आधी भराव पडतो, मग टपरी येते, मग रिसॉर्ट.

गाळाचं काय करायचं?

हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि इथे एका बाजूला शहाणे पक्षीप्रेमी आणि दुसऱ्या बाजूला अडाणी गावकरी अशी मांडणी करणं चुकीचं ठरेल.

गोदावरीला पूर आला की निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरतं. बंधाऱ्यामागे गाळ साचल्याने फुगवटा वाढतो, तो काढा, ही वरच्या गावांची मागणी आहे. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला 'हा गाळ बदकांसाठी हवा' असं सांगून चालणार नाही.

शेतकऱ्यालाही गाळ हवा असतो. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून याच कल्पनेवर चालते. तलावातला सुपीक गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. हलक्या जमिनीसाठी तो फायद्याचाच आहे.

अडचण गाळ काढण्याची नाही, कुठून आणि कसा काढला जातो याची आहे. पोकलेन लावून सगळा तलाव परातीऐवजी बादलीसारखा केला, तर पाणी वाढेल पण उथळ काठ संपेल. त्याबरोबर काठावर वीण करणारे मासे, बेडूक आणि त्यावर जगणारे पक्षीही जातील. मधला खोल भाग उकरून एका बाजूचा उतरता काठ आणि एखादं बेट तसंच ठेवलं, तर पाणीही वाढतं आणि पक्षीही राहतात. त्यासाठी काम सुरू होण्याआधी कोणीतरी हा मुद्दा ग्रामसभेत मांडायला हवा.

वरून येणारं पाणी

नांदूर मध्यमेश्वरला काय होतं, याचा निर्णय बराचसा वरच्या अंगाला होतो. गोदावरी तिथे पोहोचते ती नाशिक शहरातून. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद, शिवाय शेतातून वाहून आलेली खतं, यावर जलपर्णी माजते. ती पाण्यावर हिरवा गालिचा पसरते, खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. रामसरच्या नोंदीतही जलपर्णी, वाढतं शहरीकरण आणि पाण्याचा उपसा हे या जागेचे धोके म्हणून लिहिलेले आहेत.

नाशिकच्या येत्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने गोदावरी स्वच्छतेची चर्चा पुन्हा सुरू आहे. ही स्वच्छता रामकुंडावर थांबते की खाली निफाडपर्यंत जाणवते, हे बघायला नांदूर मध्यमेश्वर ही चांगली जागा आहे. जलपर्णी घटली, तर वरचं सांडपाणी खरंच घटलं असं म्हणायला आधार मिळेल.

गावाला यातून काय मिळतं?

पाणथळ जागा टिकायची असेल तर तिच्या शेजारच्या माणसाला ती राखण्यात फायदा दिसला पाहिजे. नांदूर मध्यमेश्वरला चापडगाव आणि खाणगाव थडी भागात पक्षीनिरीक्षणाची सोय आहे आणि स्थानिक तरुण गाइड म्हणून काम करतात. भिगवणजवळ कुंभारगावात मासेमारी करणारी कुटुंबं हिवाळ्यात बोटीतून पर्यटकांना फिरवतात, घरगुती जेवण देतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. 'दादा, जरा पक्षी उडवा ना, फोटो घ्यायचाय' अशी मागणी झाली की बोट थव्यात घातली जाते. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे खाऊन चरबी साठवायला येतो, कारण परतीचा प्रवास बाकी असतो. दिवसात चार वेळा उडवला तर खाल्लेलं तिथेच खर्च होतं. काही हंगाम असं चाललं की थवे जागा बदलतात आणि नावाड्याचा धंदाही जातो.

तुम्ही काय करू शकता?

फिरायला जात असाल तर सकाळी लवकर जा, स्थानिक गाइड घ्या, त्याचे पैसे न घासाघीस करता द्या आणि पक्षी उडवायला सांगू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. घरट्याच्या जागेचं लोकेशन टाकू नका.

तुमच्या स्वतःच्या गावाजवळ तळं असेल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, महसुली नकाशावर आणि सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद काय आहे, 'तलाव' की दुसरं काही. दुसरी, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का आणि तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हे तळं, तिथले पक्षी-मासे लिहिले आहेत का. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही समिती असायलाच हवी. तिसरी, तलावाची हद्द आखली गेली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

सोबत पक्ष्यांच्या नोंदी ठेवा. ईबर्डसारख्या ॲपवर तारखेसह टाकलेली यादी दहा लाख व्ह्यूजच्या रीलपेक्षा जास्त कामाची असते. उद्या भराव टाकणारा म्हणाला की 'इथे कधी काही नव्हतंच', तर दाखवायला तुमच्याकडे कागद असेल. नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा दर्जा मिळण्यामागेही वर्षानुवर्षं जमवलेल्या अशाच नोंदी होत्या. तुमच्या तळ्याची पहिली यादी मात्र अजून कोणीतरी करायची आहे.