शालूच्या आतला उन्हाळा

चैत्रात कळंबच्या बाजूला जत्रांचा हंगाम, म्हणजे तमाशाचाही. हॅलोजनखाली नाचणाऱ्या बाईंच्या अंगावर नऊवारी शालू, पायांत किलोकिलोची घुंगरं... आणि आपण नुसते बसूनच घामाघूम!

डोक्यात लगेच जुगाड आला: शालूच्या आत बर्फाचं जाकीट. मग गणित मांडलं. नाचताना शरीर अंदाजे 400 वॅट उष्णता टाकतं, म्हणजे किलोभर बर्फ 14 मिनिटांत खल्लास. उलट लिटरभर घाम अंगावरच वाळला तर सातपट उष्णता नेतो. इथली हवा कोरडी, म्हणजे फक्त वारा हवा. ओली सुती बंडी, पदराआड 5 व्होल्टचे दोन पंखे, एक पॉवर बँक. जपानात कामगार पंख्यांची जाकिटं घालतातच की.

'वन्स मोअर' आपण ओरडणार, तर सुपारी ठरवताना यात्रा कमिटीनं या पंख्यांचेही पैसे धरावेत. काय म्हणता?