आधी झरोका, मग बिछाना

अमेरिकेत मोटारीमागे जोडायचा बंद मालवाहू ट्रेलर घेऊन त्याचे फिरते घर करण्याची हौस अनेकांना असते. भिंतींना फोम लावला, फटी बुजवल्या, बिछाना घातला की झाले घर! माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. पहिले काम झरोके पाडण्याचे.

ट्रेलर सामानासाठी बनवलेला असतो. सामान श्वास घेत नाही, माणूस घेतो. उच्छ्‌वासातील बाष्प रात्री थंड पत्र्यावर दवासारखे जमते आणि फोममागचे लाकूड कुजवते. त्यात गॅसची शेगडी पेटवली तर? १०० ग्रॅम प्रोपेन पूर्ण जळले की सुमारे १६३ ग्रॅम पाणी तयार होते. समीकरण मांडून पाहा. ऑक्सिजन अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही.

म्हणून एक झरोका खाली, एक छतात. या वायूची सूचना देणारी घंटा हवी आणि झोपण्यापूर्वी शेगडी विझवलेली हवी. विद्यार्थी मित्रहो, झरोक्यातून थोडी ऊब जाईल, हे खरे. पण ऊब कमी पडली तर आणखी एक पांघरूण घेता येते. हवा कमी पडली तर काय घ्याल?