चिपाडातील रसायन आणि उसाचा भाव

सावेडीवरून उत्तरेस जाणारा नगर-मनमाड रस्ता नागापूरची औद्योगिक वसाहत मागे टाकून राहुरी-कोपरगावच्या ऊसपट्ट्यात शिरतो. याच जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखान्यांनी मळीपासून मद्यार्क काढला, चिपाडापासून वीज निर्माण केली. आता चिपाडातील लिग्निनपासून मौल्यवान रसायने मिळविण्याचा विचार होत आहे. त्याचे स्वागत करताना त्याचा हिशेबही तपासावयास हवा.

एक टन उसामागे २८० ते ३०० किलो चिपाड निघते. त्यात निम्मे पाणी असते. कोरड्या भागाचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या आसपास, लिग्निन असते. वनस्पतीला ताठपणा देणारे हे द्रव्य सहजासहजी फुटत नाही. अल्कधर्मी द्रावणात उष्णता, दाब व हवा यांच्या जोडीला तांब्यासारख्या धातूचे ऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरल्यास त्याचे बंध तुटतात, आणि आइस्क्रीमला स्वाद देणारे व्हॅनिलिन व तत्सम पदार्थ मिळतात. परंतु तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांस जुळतात, उत्प्रेरकावर काजळी धरते आणि मिश्रणातून एकेक पदार्थ वेगळा काढणे खर्चाचे ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लिग्निनच्या विघटनावर संशोधन झाले आहे. तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे कारखान्यातील नफा नव्हे.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. नॉर्वेतील बोरगार्ड कंपनी १९६२ पासून लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनविते. कारण त्याच लाकडातील सेल्युलोज व मद्यार्कही ती विकते. उलट कॅनडातील एक मोठा व्हॅनिलिन कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. खनिज तेलापासून बनणारे स्वस्त व्हॅनिलिन आणि दूषित सांडपाण्याचा प्रश्न यांपुढे असे कारखाने टिकले नाहीत.

शिवाय लिग्निन फुकट नाही. चिपाडाच्या घटकांत त्याचाच उष्मांक अधिक. ते काढून घेतले तर बॉयलरला दुसरे इंधन द्यावे लागेल किंवा वीजविक्री घटेल. हा त्याग हीच त्याची खरी किंमत होय.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटपाचा आहे. रंगराजन समितीने २०१२ साली साखर व प्राथमिक उपउत्पादने यांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकास द्यावा, असे सुचविले. २०१३ च्या राज्याच्या ऊसदर कायद्यानेही महसूल-वाटपाचे तत्त्व स्वीकारले. या सूत्रात चिपाड मोजले जाते ते चिपाड म्हणून. त्यापासून पुढे बनणारे रसायन त्यात आपोआप येत नाही. म्हणजे उद्या चिपाडाचे मोल दसपट झाले, तरी शेतकऱ्याच्या पदरी जळणाचाच भाव पडेल. भांडवल व जोखीम यांचा मोबदला कारखान्यास मिळणे रास्त आहे. पण सहकारी कारखान्यात ते भांडवल आणि ती जोखीम अखेर सभासदाचीच असते.

तेव्हा यंत्रसामग्रीची मागणी नोंदविण्यापूर्वी या व्यवहाराचा स्वतंत्र हिशेब व वाटपाचे सूत्र वार्षिक सभेत ठरले पाहिजे. उत्प्रेरक लिग्निन फोडील. नफ्याची वाटणी मात्र माणसांनाच करावी लागेल.