पालवणकर बाळू : चेंडू चालला, कप्तानी चालली नाही

येवल्यात, आपल्या नाशिक जिल्ह्यातच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. त्या घोषणेला विरोध करणाऱ्यांत एक माजी क्रिकेटपटू होता, पालवणकर बाळू. या विरोधामुळे आणि १९३७च्या निवडणुकीमुळे त्यांना एका वाक्यात निकालात काढण्याची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही.

चर्मकार कुटुंबातला हा मुलगा १८९२च्या सुमारास पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखत असे. गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९०६मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात अखिल भारतीय संघ बहुतेक सामने हरला, तरी त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२०मध्ये ते पुन्हा उच्चवर्णीयाकडेच गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले. विठ्ठल १९२३मध्ये कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. बाळूंची कारकीर्द तोवर संपली होती.

समाजात राहून, गुणांच्या बळावर दार उघडता येईल, ही बाळूंची श्रद्धा भाबडी नव्हती. तिच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. पण काळारामाच्या दारापुढे १९३०पासून तिष्ठलेल्या सत्याग्रहींचा धीर का सुटला, हे सांगणारा भक्कम पुरावा मला बाळूंच्याच चरित्रात दिसतो. येवल्याच्या घोषणेची बाजू तिच्या विरोधकाची कारकीर्द मांडते. (मंदिरवाले निदान दार बंद आहे असे उघड सांगत होते.)

१९३७मध्ये मुंबईत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. तरुण आंबेडकरांना ज्या खेळाडूचा अभिमान वाटे, त्याच्याशीच ही लढत होती. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.